एक्झिट कोड मिळेपर्यंत

माझ्याकडे रेकॉर्डिंगचा मोठा साठा होता आणि प्रत्येक फाइल एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने लहान करायची होती. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: पोपेनने (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवण्याची सोय) प्रोग्राम सुरू करायचा, त्याचा स्टँडर्ड एरर, म्हणजे संदेश आणि चुका लिहिण्याचा मार्ग, पाइपमध्ये (दोन प्रोग्रामना जोडणारी नळी) घ्यायचा, वेट म्हणायचं, म्हणजे तो संपेपर्यंत थांबायचं, आणि एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य (सगळं ठीक) आला की पुढची फाइल. छोट्या फाइल्स सुरळीत झाल्या. पहिली दोन तासांची फाइल आली आणि सगळं ठप्प. एरर नाही, सीपीयू जवळपास शून्यावर, प्रोसेस मात्र जिवंत.

दोन दिवस मी त्या फाइलमध्येच दोष शोधत होतो. शेवटी एसट्रेस (प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं, तर एफएफएमपेग राइट कॉलवर, म्हणजे काहीतरी लिहिताना, अडकलेला होता, आणि तोही डिस्क्रिप्टर २ वर, म्हणजे स्टँडर्ड एररवर. तिथे उलगडा झाला. एफएफएमपेग आपली प्रगती स्टँडर्ड एररवर सतत लिहीत असतो आणि लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ केबीच मावतात. पाइप भरला, रिकामा करायला कोणी नाही. तो मी वाचण्याची वाट पाहतोय, मी तो संपण्याची! पायथनच्या दस्तऐवजात हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे आणि उपायही: वेटऐवजी कम्युनिकेट वापरा, ते वाट पाहताना आउटपुटही वाचत राहतं. मी त्याहून सोपं केलं, आउटपुट थेट लॉग फाइलमध्ये वळवलं.

मग टाइमआउट लावला, म्हणजे ठरलेल्या वेळेत न संपलेली प्रोसेस थांबवायची, आणि खरी मेहनत इथे लागली. रूपांतर झालं की फाइल हलवायची, म्हणून दोन्ही कमांड ‘शेल=ट्रू’ देऊन, म्हणजे शेल या कमांड चालवणाऱ्या मधल्या प्रोग्राममार्फत, एकाच ओळीत चालवत होतो. वेळ संपल्यावर किल झाला तो फक्त शेल. एफएफएमपेग मागे तसाच चालू राहिला, आणि असे तीन-चार साठले की मशीन रखडायचं. आता शेल काढून टाकला आहे, आर्ग्युमेंट्स यादीने देतो, फाइल पायथनमधूनच हलवतो. प्रोसेस ‘स्टार्ट_न्यू_सेशन’ने स्वतःच्या वेगळ्या गटात सुरू करतो, म्हणजे किलपीजी या कॉलने अख्खा गट थांबवता येतो. आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती करणारा सिग्नल), दहा सेकंद वाट, तरीही जिवंत असेल तरच सिगकिल (जागीच मारणारा सिग्नल, क्रमांक ९). हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सिगटर्म मिळाल्यावर एफएफएमपेग फाइलचा शेवट नीट लिहून बाहेर पडतो आणि कोड २५५ देतो. सिगकिलने एमपी४ अर्धवट राहते आणि बहुधा उघडतच नाही.

एके रात्री कोड आला −९. पायथन सिग्नलने झालेला शेवट असा ऋण आकड्यात सांगतो. शेलमध्ये हाच १३७ दिसतो, १२८ अधिक ९. माझ्या स्क्रिप्टने तर सिगकिल पाठवलाच नव्हता. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग पाहिला: मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच प्रोसेस मारली होती. एका वेळी चार फाइल्स चालवत होतो, त्या दोनवर आणल्या.