आमची वाटचाल: फॅक्सच्या रोलपासून नोटांच्या मशीनपर्यंत

वडिलांनी सोलापुरात नवी पेठेत गाळा घेतला तेव्हा पाटीवर एसटीडी, झेरॉक्स आणि फॅक्स एवढंच होतं. गिऱ्हाईक बहुतेक चादर-टॉवेलचे कारखानदार. कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून यायचं, कुणी अशोक चौकातून. मुंबईच्या व्यापाऱ्याला कोटेशन, बँकेला ताळेबंद, सगळं फॅक्सनेच जायचं. पण फॅक्स म्हणजे उघडं पोस्टकार्ड. समोरच्या ऑफिसात मशीन कोपऱ्यात असायचं आणि कागद बाहेर आला की जो आधी उचलेल तो वाचायचा. म्हणून खाते क्रमांक, कर्जाची बाकी, दुसऱ्या पार्टीला दिलेला भाव झाकून पाठवा, असं लोक कायम सांगायचे.

बरेचजण काळ्या मार्करने आकडे खोडूनच आणत. तेवढ्याने भागत नाही. मार्करची शाई पातळ असते, झेरॉक्सचा टोनर दाट. कागद उजेडात तिरका धरला की खालचे आकडे चमकून वर येतात. मशीन काळं आणि पांढरं एवढंच पाठवतं. शाई फिकी पडलेली असली तर तिला पांढरं धरून खालचा आकडा स्वच्छ पोचवतं. वडिलांची रीत वेगळी होती. मूळ कागदाला हात लावायचा नाही. त्याची झेरॉक्स काढायची, तिच्यावर जाड पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची, पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ती दुसरी प्रत फॅक्सला लावायची. पट्टी पूर्ण रकान्याची. आकड्यापुरतीच लावली तर रक्कम लाखात आहे की हजारात, ते तिच्या लांबीवरून कळतं. आणि खालची बेरीज उघडी राहिली तर झाकलेला आकडा वजाबाकीने कुणीही काढतो. चेक असेल तर खालची एमआयसीआर पट्टी, म्हणजे बँकेच्या मशीनने वाचायच्या अंकांची ओळ, तीही झाकायची, कारण तिथेही खात्याशी जोडलेले आकडे असतात.

पुढे साध्या कागदाची फॅक्स मशीन आली. त्यांत काळ्या फिल्मचा रोल असायचा. अक्षर छापलं की तेवढी शाई फिल्मवरून उठते, त्यामुळे वापरलेल्या रोलवर आलेलं प्रत्येक पान वाचता येतं. असे रोल भंगारात जाताना मी पाहिलेत. आमच्याकडे संपलेला रोल कात्रीने कापूनच टाकला जायचा, आणि ते काम वडील दुसऱ्या कुणाला देत नसत. आज फॅक्स जवळजवळ गेला, पण तेच काम पीडीएफमध्ये चालू आहे. आकड्यावर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो; सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर येतो. आम्ही आधी आकडे खरोखर काढतो, मग पानाचं चित्र करून देतो. आधारची प्रत लागली तर मास्क्ड आधार काढा म्हणतो, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

नोटांचा धंदा याच काउंटरवरून सुरू झाला. बाजार समितीतले कांद्याचे अडते, विडी कारखान्यांचे मुनीम, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेतले दुकानदार, सगळ्यांचा व्यवहार रोखीचा. आधी आम्ही नोट खरी की खोटी तपासायची निळ्या (यूव्ही) दिव्याची पेटी विकली, मग नोटा मोजायची मशीन. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर जुन्या मशीनची पंचाईत झाली. जुनी ५०० ची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर, नवी १५० बाय ६६. दुकानादुकानात जाऊन मशीन नव्या नोटेला जुळवून देणं, हेच तेव्हा आमचं काम झालं होतं.

तरी मशीन विकण्याआधी मी नोट हातात देतो. ५०० ची नोट तिरकी करा, सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. उजेडापुढे धरा, मोकळ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० चा आकडा उमटतो. डाव्या-उजव्या कडेच्या पाच तिरक्या रेघांवरून अंगठा फिरवा, त्या उठावदार लागतात. २०० आणि १०० च्या नोटेला अशा चार रेघा असतात, २०० च्या रेघांमध्ये दोन गोल. नंबरचे अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. विडीकाम करणाऱ्या मावश्या रेघांची खूण एकदा दाखवली की पटकन धरतात.

दिव्याचंही नीट समजून घ्या. नोटेचा कागद कापसाचा, तो निळ्या उजेडात मंद राहतो. नंबर आणि कागदातले तंतू चमकतात. साधा कागद मात्र पांढराशुभ्र पेटतो. पण खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही साबणाच्या पावडरमुळे चमकते. गिरण्यांच्या आमच्या गावातल्या माणसाला कापूस आणि पावडर काय ते सांगायला नको, तरी अशी नोट घाबरून परत केलेली मी पाहतो. नंबरात चांदणी असलेली नोट खोटी, अशीही अफवा फिरते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती नोट असते, आणि ती खरीच असते.

शाळेच्या प्रकल्पासाठी नोटेची रंगीत झेरॉक्स आम्ही काढून देत नाही, कितीही ओळखीचे पालक असले तरी. नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं कायद्याने गुन्हा आहे.

आमच्याकडून मशीन घेतलं नसलं तरी शंका असलेली नोट घेऊन या, बघायचे पैसे नाहीत. खोटी निघाली तर पुढे कुणाच्या गळ्यात घालू नका, जाणूनबुजून चालवणं हाही गुन्हाच. बँकेत द्या. बँक त्यावर शिक्का मारून ती जप्त करते. पैसे मिळत नाहीत, पण पावती मिळते, ती मागून घ्या. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा असतील तर बँक महिनाअखेरीच्या अहवालातून पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असल्या तर गुन्हा नोंदवला जातो. म्हणून जत्रेच्या दिवसांतला गल्ला बँकेत नेण्याआधी एकदा मशीनमधून काढून घ्या. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत आमचं मशीन त्यासाठी चालूच असतं.