सव्वीसावा रस्ता आणि कॅलिफोर्निया

"कॅलिफोर्नियाला कशाला गेली होतीस? आणि एका दिवसात परत कशी आलीस?" फोनवर आईने विचारलं, आणि तिचं चुकलं नव्हतं. शिकागोत कॅलिफोर्निया हा एक रस्ता आहे. सव्वीसावा रस्ता त्याला छेदतो तिथे कुक काउंटीचं फौजदारी कोर्ट आहे आणि त्याला खेटून अवाढव्य तुरुंग. लोक नुसतं 'ट्वेंटी सिक्स्थ अँड कॅल' म्हणतात, आपल्याकडे 'येरवडा' म्हणतात तसं. पुढचं काही सांगावं लागत नाही.

2017 च्या अखेरीला ऑफिसमधल्या एका मैत्रिणीमुळे मी तिथे जायला लागले. तिचा गट जामिनाच्या सुनावण्यांना माणसं नेऊन बसवायचा. काम एवढंच, की बाकावर बसायचं आणि लिहून घ्यायचं. फोन आत नेता येत नाही, तो गाडीत. हातात छापील कागद. आरोप काय, रक्कम किती ठरली, वेळ किती लागला, असे रकाने. त्याच वर्षी 18 सप्टेंबरपासून मुख्य न्यायाधीशांचा आदेश लागू झाला होता, की रक्कम आरोपीला भरता येईल एवढीच ठरवा. तो पाळला जातो का, हे कुणीतरी मोजायला हवं होतं.

एक रकाना वर्णाचा होता, तो अंदाजाने भरायचा. पहिल्या दिवशी त्यावर पेन टेकवताना अवघडले. अर्ध्या तासात अवघडलेपण गेलं, कारण वरून खाली तीच खूण चालली होती. कुक काउंटीत साधारण चारातला एक माणूस कृष्णवर्णीय. तुरुंगात चारातले जवळजवळ तीन.

माझे वडील जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. त्यामुळे जामीन म्हटलं की मला जामीनदार, सातबारा आणि ऐपतदारीचा दाखला आठवतो. इथे तेव्हा रोकडा मामला होता. अमेरिकेत इतरत्र जामिनाचे पैसे भरणाऱ्या खासगी दलालांचा धंदा जोरात चालतो. इलिनॉयने तो 1963 मध्येच बंद केला आणि ठरलेल्या रकमेच्या दहा टक्के थेट कोर्टात भरायची पद्धत आणली. म्हणजे न्यायाधीश दहा हजार म्हणाले तर हजार भरा आणि घरी जा. नसतील तर आत बसा. आरोप तोच, पुरावा तोच, पण एक जण दुसऱ्या दिवशी कामावर हजर आणि दुसऱ्याची नोकरी गेलेली, भाडं थकलेलं. अशा माणसाला 'गुन्हा कबूल कर, सुटशील' म्हटलं की तो काय करेल?

एकदा शेजारी एक आजी बसल्या होत्या. नातवाचं नाव पुकारलं गेलं, काही मिनिटांत 'पन्नास हजार' ऐकू आलं. आजींनी मला हळूच विचारलं, "म्हणजे मला किती?" मी म्हटलं, "पाच." त्यांनी पर्समधून पाकीट काढलं, उघडलं, न मोजताच परत मिटलं. माझ्या कागदावर यासाठी रकाना नव्हता.

असे पैसे भरायला 2015 मध्ये 'शिकागो कम्युनिटी बाँड फंड' सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी पोलिसांच्या गोळीने सतरा वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच्या शोकसभेतून त्याच्याच घरच्यांना आणि मित्रांना पोलिसांनी धरून नेलं. त्यांना सोडवायला ओळखीच्यांनी वर्गणी काढली, आणि फंड जन्मला तो त्यातून. हिशेब आपल्या भिशीची आठवण करून देणारा. खटला संपला की पैसे परत, ते पुढच्या माणसाच्या कामी. मला त्यातली खरी मेख नंतर कळली. 'स्वतःचे पैसे अडकल्याशिवाय माणूस तारखेला येत नाही', हा जुना युक्तिवाद. इथे पैसे परक्यांचे, तरी बहुतेक जण तारखेला हजर होत. वकिली भाषणांपेक्षा हे उत्तर भारी पडलं.

पुढे कायदा झाला. त्यामागे राज्यातल्या कृष्णवर्णीय आमदारांचा गट होता आणि रस्त्यावरच्या संघटनांची कित्येक वर्षं होती. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यपाल प्रिट्झकर यांची सही झाली. 1 जानेवारी 2023 पासून रोख जामीन बंद होणार होता. त्याआधीच्या निवडणुकीत आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तो फॉरवर्ड फिरला, 'नव्या वर्षापासून खुनी मोकाट'. वर एका काकांची टीप, "आता काळ्यांच्या वस्तीजवळून गाडी नेऊ नका." वीस-पंचवीस जणांनी हात जोडले. मी लिहिलं, की बायकोला मारणारा पैसेवाला नवरा आजवर पैसे भरून त्याच संध्याकाळी घरी यायचा. आता धोका आहे असं सरकारी वकिलाने दाखवलं तर त्याला किती का पैसे असेनात, आतच राहावं लागेल. त्यावर शांतता. मग कुणीतरी उकडीच्या मोदकांची ऑर्डर टाकली.

कायद्याला आव्हान मिळून प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अडकलं. जुलै 2023 मध्ये पाच विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि 18 सप्टेंबरला कायदा लागू झाला. रोख जामीन पूर्णपणे बंद करणारं इलिनॉय हे पहिलं राज्य. भारतात गणपती 19 ला होते, पण इथल्या वेळेने चतुर्थी आदल्या दिवशी, म्हणजे 18 लाच. आरती आटोपून बातम्या लावल्या आणि प्रसादाची वाटी हातातच राहिली.

सगळं आलबेल झालंय असं नाही. घोट्याला पाळत ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून घरी बसवलेली माणसं अजून आहेत. पट्टा आहे म्हणजे दळण आणायलाही ठरलेल्या वेळीच जायचं, असं मी आईला समजावते. पण शहर काही पेटलं नाही. लोयोला विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पहिल्या वर्षाचे आकडे तपासले, तर तारखेला गैरहजर राहणारे वाढलेले नव्हते. वडिलांना हे सांगितलं. त्यांनी आपल्याकडचा आकडा ऐकवला. 2022 च्या अखेरीस भारतातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी. "जातमुचलक्यावर सोडता येतं की," ते म्हणाले, "सोडायचं असेल तर."

2025 मध्ये गणपतीच्या तोंडावरच, 25 ऑगस्टला, ट्रम्प यांनी रोख जामीन बंद करणाऱ्या ठिकाणांचा केंद्रीय निधी थांबवण्याच्या तयारीच्या आदेशावर सही केली. ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा आला. मात्र त्या काकांनी या खेपेला टीप लिहिली नाही. दर्शनाला आले तेव्हा पानावर बसल्या बसल्या विचारलं, "तिथे आत कुणालाही बसता येतं?" म्हटलं, कुणालाही, खुलं कोर्ट आहे. येत्या मंगळवारी चला. फोन गाडीत ठेवावा लागतो हे ऐकून मात्र जरा बिचकले.