कानाचं मशीन घेण्याआधी

सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं म्हणतात, ‘आवाज येतोय, पण बोललेलं कळत नाही.’ सततच्या खडखडाटाने आधी 3000 ते 6000 हर्ट्‌झचा वरच्या पट्टीचा आवाज जातो. मग ‘स’, ‘श’ निसटतात. ‘साखर’ आणि ‘भाकर’ सारखंच वाटतं. अशा कानाला सगळंच सरसकट मोठं करणारं स्वस्त यंत्र लावलं, तर भांडी आणि पंखाच जास्त ऐकू येणार.

म्हणून आधी कानात मळ आहे का ते पाहून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याची तपासणी. मळाचाच बोळा निघाला तर पैसे वाचले! अमेरिकेत 2022 पासून चिठ्ठीशिवाय मिळणारी यंत्रंसुद्धा 18 वर्षांवरच्यांसाठी आणि सौम्य ते मध्यम दोषासाठीच आहेत. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर दुकानात नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

घेताना वरची पट्टी वेगळी वाढवता येते का आणि परत करायची मुदत किती, हे विचारा. ‘डिजिटल’ या शब्दाला भुलू नका, तो हल्ली सगळ्याच खोक्यांवर असतो.

यंत्राची शिट्टी वाजते ती बहुधा कानात बसणारी रबरी टोपी सैल असल्यामुळे. आवाज कमी करण्याआधी एक माप मोठी टोपी लावून बघा. आवाज दबला तर नळीच्या टोकाचा मळ काढा. यंत्रातल्या झिंक-एअर (हवा लागली की चालू होणाऱ्या) सेलवरची चिकटपट्टी (312 नंबरच्या सेलला तपकिरी, 13 ला केशरी) काढल्यावर दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. चिकटपट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. एप्रिल-मेच्या घामाने यंत्र बिघडतं, म्हणून रात्री सेलचं दार उघडून ते सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डबीत ठेवा.