सुट्या पेशी परत चिकटेपर्यंत

झेनोपस बेडकाच्या भ्रूणातल्या पेशी सुट्या करायच्या आणि परत एकत्र आणायच्या, एवढंच काम होतं. अर्ध्या दिवसात उरकेल असं वाटलेलं. तीन आठवडे गेले.

सिस्टीन या अमिनो आम्लाच्या २ टक्के द्रावणात अंड्यांभोवतीची जेली काही मिनिटांत निघते. अंडी एकमेकांना खेटून बसली की झालं समजायचं. घाम फुटतो तो पुढे. जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या गोळ्यावरचं पारदर्शक आवरण दोन चिमट्यांनी फाडायचं आणि वरचा गडद भाग, आमच्या भाषेत 'कॅप', कापून घ्यायचा.

पेशींना धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांची पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. म्हणून कॅप कॅल्शियम नसलेल्या द्रावणात टाकल्या आणि बघत बसले. काही म्हणता काही सुटेना. द्रावण दोनदा नव्याने केलं, बाटल्या बदलल्या, पाण्यावर संशय घेतला. शेवटी सीनियर ताईंनी मायक्रोस्कोपमध्ये डोकावून विचारलं, "अगं, या सगळ्या आधीच मिटल्यात. कापून किती वेळ ठेवल्या होत्यास?"

चूक तिथे होती. वीस कॅप कापून होईपर्यंत आधी कापलेल्या कॅप कॅल्शियम असलेल्या साध्या द्रावणातच पडून होत्या. तेवढ्यात त्यांच्या कडा बटव्यासारख्या आत वळल्या आणि बाहेरच्या काळ्या थराने सगळं झाकून टाकलं. त्या थरातल्या पेशींचे सांधे इतके घट्ट, की कॅल्शियम काढलं तरी तो पटकन उसवत नाही. मग एकेक कॅप कापली की लगेच कॅल्शियम नसलेल्या द्रावणात, काळी बाजू वर. काही वेळाने तो थर अख्ख्या सालीसारखा उचलता आला आणि खालच्या फिकट पेशी पिपेटच्या हलक्या झोताने मण्यांसारख्या विखुरल्या.

त्यातल्या निम्म्या मी पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा घेऊन मारल्या. उघड्या पेशीला हवेचा स्पर्श झाला की ती फुटते, हे कुणी सांगितलं नव्हतं! उरलेल्या प्लास्टिकला चिकटल्या. तेव्हापासून डिशला अॅगारोज या जेलीसारख्या पदार्थाचा थर दिल्याशिवाय मी पेशींना हात लावत नाही.

टाउन्स आणि होल्टफ्रेटर या भ्रूणशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये पेशी सुट्या करणं द्रावण अल्कधर्मी करून साधलं होतं. त्वचेच्या आणि चेतापट्टीच्या (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) पेशी मिसळल्यावर त्या आपापल्या जातीच्या शोधून वेगळ्या झाल्या, त्वचा बाहेर, चेतापेशी आत. कॅडहेरिन हा शब्दही तेव्हा नव्हता.

मी मिसळण्यापर्यंत पोचलेच नव्हते. कॅल्शियम घातलं, डिश हलकेच गोल फिरवली. आधी दोन पेशी टेकल्या, मग पाच-सहा. सकाळी डिशच्या मधोमध एक गुळगुळीत गोळी होती.