तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटलेट वाढवायला काय द्यावं?

पावसाळा सरत आला, डेंग्यूचा ताप पसरला की कुडाळच्या आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट हातात पडताच हमखास विचारलं जातं, "ताई, प्लेटलेट पन्नास हजारांपर्यंत उतरल्यात. वाढवायला काय देऊ? पपईच्या पानांचा रस देऊ की किवी?" काउंटरवर गर्दी असते, नीट बोलता येत नाही. म्हणून इथे सांगते.

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक चकत्या, हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. तिथे मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. साध्या पेशीत गुणसूत्रांचे 2 संच. हिच्यात ते 16, 32, कधी 64 होतात, पण पेशी दुभंगत नाही, मोठी होत जाते. मग ती शेजारच्या रक्तवाहिनीत लांब धागे सोडते आणि वाहत्या रक्ताच्या ओढीनं त्यांचे तुकडे पडतात. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट. एकेका पेशीतून हजारोंनी निघतात. निरोगी माणसात रोज सुमारे 10,000 कोटी नव्या येतात, 7 ते 10 दिवस जगतात, आणि प्लीहा नि यकृतात त्यांची विल्हेवाट लागते. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी हा हिशेब आठवला की मी थक्क होते.

आता किती करायच्या हे कसं ठरतं? यकृत थ्रॉम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक रक्तात साधारण एकाच गतीनं सोडत असतं. फिरत्या प्लेटलेट ते स्वतःत ओढून घेऊन संपवतात. उरेल तेवढं मज्जेच्या वाट्याला येतं. व्हाळाचं पाणी पाटानं पोफळीच्या बागेत आणलंय असं समजा. वरच्या आळ्यांनी ओढून घेतलं तर टोकाच्या माडाला जेमतेम मिळतं, वरची आळी कमी झाली की तिथंवर भरपूर पोचतं. प्लेटलेट घटल्या की मज्जेला असंच जास्त संप्रेरक मिळतं आणि ती कामाला लागते. या संप्रेरकाचा छडा 1994 साली लागला.

डेंग्यूत दोन्हीकडून मार बसतो. मज्जेचं काम काही दिवस मंदावतं आणि रक्तातल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात. पण विषाणूचा जोर ओसरला की बहुतेकांची मज्जा आपणहून सावरते. काचेच्या स्लाइडवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मला पुष्कळदा ते आधी दिसतं: आकडा अजून खालीच असतो, पण मधूनमधून मोठ्या, ताज्या प्लेटलेट दिसायला लागतात. तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

पपईच्या रसाचं म्हणाल तर काही छोट्या अभ्यासांत आकडा थोडा लवकर चढला, पण त्यानं रक्तस्राव टळतो असं सिद्ध झालेलं नाही. आधीच मळमळणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजून उलटी करवू नका. त्यापेक्षा पेज, शहाळं, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नकोच, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आकडा अचानक फारच खाली आला आणि माणूस ठीक दिसत असेल, तर स्लाइड बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनानं काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीनला त्या सुट्या मोजता येत नाहीत, आणि खोटाच कमी आकडा छापून येतो.

पन्नास हजार ऐकून लगेच गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयाकडे गाडी काढू नका. रक्तस्राव नसेल तर आकडा 10,000 च्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. निर्णय अर्थात डॉक्टरांचा. डेंग्यूत खरी भीती असते ती रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होण्याची, आणि ते बहुतेक वेळा ताप उतरता उतरताच होतं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, कमी लघवी, गळून गेलेला किंवा अस्वस्थ माणूस, यातलं काहीही दिसलं तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि रिपोर्टमध्ये एचसीटी किंवा पीसीव्ही लिहिलेली ओळ शोधा, रक्त किती दाट झालंय ते तिच्यावरून कळतं. तो आकडा कालच्यापेक्षा चढला असेल तर डॉक्टरांना प्लेटलेटच्या आधी तो दाखवा.