एक आणि वीस

पुण्याहून म्युनिकला आल्यावर मुलीला तिसरीत प्रवेश मिळाला. गणिताच्या पहिल्या चाचणीवर लाल शाईत लिहिलेला '1' पाहून ती रडवेली झाली. जर्मनीत 1 ही सर्वोत्तम आणि 6 ही सर्वांत खालची श्रेणी असते, हे तिच्या गळी उतरायला दोन दिवस लागले. भाषेची अडचण मोठी होतीच, परंतु आकड्यांच्या बाबतीत मराठी कामी आली, कारण जर्मनमध्ये एकविसाला 'आइन-उंड-झ्वान्झिश', म्हणजे 'एक आणि वीस' म्हणतात, आणि आपल्या एकवीस, बावीस, पंचवीस यांतही एककच आधी येते. हे तिने स्वतःहून ओळखले, याचे मला फार अप्रूप वाटते.

खरी काळजी आहे ती चौथीची. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असल्यास मूल थेट गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाऊ शकते. नव्याने आलेल्या मुलांना काही सवलत मिळू शकते, तरीही दहाव्या वर्षी मुलांची अशी वेगवेगळ्या शाळांत वाटणी करणे फार घाईचे आहे, असे मला मनापासून वाटते. सध्या ती रोज संध्याकाळी शाईच्या पेनाने जर्मन शुद्धलेखन लिहिते आणि बेरजा मात्र मराठीतच पुटपुटते.