सावलीतली खुर्ची

उन्हाळ्यात उघड्यावर काही समारंभ असला की तिथे पोचल्यावर मी आधी यजमान शोधत नाही, सावली शोधते. यजमान काय, जेवणाच्या वेळी भेटतातच. सावलीचं तसं नाही. ती एकदा दुसऱ्याच्या खुर्चीखाली गेली की गेली.

त्या शिकंदर बादशहाची गोष्ट आठवते ना? तो डायोजेनिस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, काय हवं ते माग. उन्हात पडलेला तो फकीर म्हणाला, जरा बाजूला हो, माझं ऊन अडतंय. ही गोष्ट ऐकली की सगळे डायोजेनिसच्या विरक्तीवर माना डोलावतात. मला मात्र दर वेळी वाटतं, ती नक्की थंडीच्या दिवसांतली असणार. भर उन्हाळ्यात, दुपारी दीडला, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत असताना बादशहा समोर आला असता, तर डायोजेनिसच काय, मीही म्हणाले असते, ‘महाराज, काही नको, फक्त जरा डावीकडे सरका. हां, असेच उभे राहा. संध्याकाळपर्यंत.’

सावली धरून बसण्यात माझ्या आत्याचा हात कुणी धरू शकत नाही. एका घरगुती सोहळ्यात सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही सगळे पटांगणातल्या एकुलत्या एका झाडाखाली खुर्च्या टाकून बसलो. आत्या आली, झाडाला एक फेरी मारली, आणि खुर्ची उचलून झाडाच्या पलीकडे चक्क उन्हात ठेवली. तिच्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः घरात निघून गेली. आम्ही हसलो. साडेबारापासून आमच्या खुर्च्यांचे पाय उन्हात यायला लागले, मग गुडघे, मग मांड्या. आम्ही खुर्च्या सरकवत झाडाच्या बुंध्याला चिकटलो. एक वाजून गेल्यावर पाहतो तो आत्याच्या पिशवीवर गार, दाट सावली. सूर्य माथ्यावरून पश्चिमेकडे कलला की सावली पूर्वेकडे जाणार, हे चौथीच्या पुस्तकातलं ज्ञान आम्हा सगळ्यांकडे होतं. ते खुर्चीला लावायचं फक्त तिला सुचलं. कुणीतरी विचारलंच, ‘आत्या, तुम्हाला कसं कळलं?’ ती म्हणाली, ‘माझे केस काय उन्हाने पांढरे झालेत?’

तरी सावलीत बसणाऱ्याकडे लोक जरा कमीपणाने बघतात. सोहळ्याला आलात आणि कोपरा धरून बसलात? या की पुढे, नाचा, फोटो काढा! फोटो हा तर स्वतंत्र छळ आहे. चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून फोटोवाला चाळीस माणसांना सूर्याकडे तोंड करून उभं करतो, आणि वर म्हणतो, डोळे मिटू नका. त्या फोटोत आम्ही सगळे कुणावर तरी खटला भरायला निघाल्यासारखे दिसतो.

‘आज छत्तीसच आहे, काही एवढं नाही,’ असं सकाळी फोन बघून म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. हा छत्तीसचा आकडा सावलीतला असतो, हे त्याला सांगावं लागतं. हवामान खात्याचा तापमापक उन्हात टांगलेला नसतो. तो एका पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तिच्या चारही बाजूंना खिडकीला असतात तशा तिरक्या फळ्या असतात, म्हणजे वारा आत येतो, ऊन येत नाही. ही पेटी एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन नावाच्या इंजिनिअरने बेतली. हा मूळचा दीपगृहं बांधणारा माणूस, कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. तेव्हा बातमीतला आकडा हा त्या पेटीत बसलेल्या पाहुण्याचा. तुम्ही थेट उन्हात उभे असाल तर अंगाला जाणवणारी गरमी त्याहून सात-आठ अंशांनी सहज जास्त असू शकते. म्हणजे तापमापकालाही सावलीत बसायची सोय करून देणारे आपण, आजोबांची खुर्ची मात्र पहिल्या रांगेत उन्हात मांडतो. मानाची म्हणून.

सावलीसावलीतही फरक असतो. पत्र्याखालची सावली ही नावाची सावली. पत्रा वरून तापतो आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ती धग ओतत राहतो. कापडी मंडप बरा, पण त्याच्या कनाती चारही बाजूंनी खाली सोडल्या की आतली हवा मरते. शोभा येते, वारा जातो. झाडाची सावली सगळ्यांत थोर, कारण झाड नुसतं ऊन अडवत नाही. पानांतून पाणी बाहेर टाकत, म्हणजे जवळजवळ घाम गाळत, ते स्वतः गार राहतं.

घाम गाळणे. आपल्या भाषेत याला केवढी प्रतिष्ठा! पण शरीराच्या हिशेबात गळालेला घाम फुकट गेलेला असतो. घाम अंगावर वाळला पाहिजे. वाळताना तो कातडीतली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पुरता वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी. नाकाच्या शेंड्यावरून टपकन खाली पडलेला थेंब जमीन ओली करतो, तुम्हाला गार करत नाही. म्हणून कोरड्या हवेतलं रखरखीत ऊन एक वेळ परवडतं, पण हवा दमट असली की घाम नुसता वाहतो, वाळत नाही, आणि आकडा कमी दिसत असूनही जीव कासावीस होतो.

1775 साली चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टराने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक अफाट प्रयोग लिहून ठेवला. तो आणि त्याचे काही मित्र मुद्दाम भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत जाऊन बसले. हवा कोरडी, तापमान 260 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या मापात सुमारे 127. ब्लॅग्डेन त्यात आठ मिनिटं राहिला आणि चालत बाहेर आला. त्याच खोलीत ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत भाजून टणक झाली. मांसाचा तुकडाही भाजून निघाला, आणि भात्याने त्यावर हवा मारली तेव्हा तर फारच लवकर. अंडं आणि डॉक्टर यांत फरक एवढाच, की डॉक्टरला घाम येतो.

त्यातला भाता मला फार शहाणा वाटतो. हवा अंगापेक्षा खूप गरम असेल तेव्हा पंखा वारा घालत नाही, भाजतो. घाम भरपूर असेल, अंग ओलं केलेलं असेल, तर तोच पंखा कामाचा. म्हणून तापलेल्या मंडपात कोरडे ठणठणीत बसलेले आजोबा आणि त्यांच्या तोंडावर सोडलेला मोठा पंखा हे दृश्य दिसलं की मी आधी एक ओला रुमाल त्यांच्या मानेवर ठेवते. आजोबा वैतागतात. वैतागू देत. वय झालं की घामही कमी येतो आणि तहानही नीट लागत नाही, त्यामुळे ‘मला नको पाणी’ हे त्यांचं खरं बोलणं असतं आणि तरीही ते ऐकायचं नसतं.

मी हे एवढं अधिकाराने सांगते आहे, कारण मी स्वतः एकदा यात सापडले. तेव्हा मी यजमानांच्या बाजूची होते, म्हणजे धावपळ माझ्याकडे. खुर्च्या मोजल्या, गाड्या लावून घेतल्या, तीन वेळा फोटोला उभी राहिले. पाणी प्यायले नाही. पाण्याचे पिंप होते की. तेही मीच भरून घेतले होते. पण स्वच्छतागृह लांब होतं, अंगावर भरजरी कपडे होते, आणि एकदा जाऊन यायचं म्हणजे अर्धा तास. सोहळ्यात बायका पाणी का पीत नाहीत याचं खरं उत्तर बहुतेक वेळा इतकं साधं असतं. पिंपांच्या रांगा लावणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाचाही विचार करावा.

दोनच्या सुमाराला माझं डोकं ठणकायला लागलं. मी एका लहान पोरावर विनाकारण खेकसले. सख्ख्या मामेबहिणीचं नाव मला आठवेना; ‘अगं तू’ म्हणून वेळ मारून नेली. मग त्या रणरणत्या उन्हात माझ्या हातांवर चक्क शहारे आले. मला वाटलं, वा, वाऱ्याची झुळूक आली! झुळूक कसली, पानही हलत नव्हतं. आत्याने लांबून पाहिलं, येऊन माझा दंड धरला आणि म्हणाली, ‘चल, बस.’ मी म्हणाले, मला काही झालेलं नाही. ‘तेच तर,’ ती म्हणाली, ‘झालेल्याला कधी कळतं का?’

तिने मला तिच्याच खुर्चीत बसवलं. पदर सैल केला, मानेवर आणि काखेत गार पाण्याचे बोळे धरले, कुणाला तरी वारा घालायला लावलं आणि घोटघोट पाणी पाजलं. अर्ध्या तासात मामेबहिणीचं नाव आठवलं. माझं तेवढ्यावर निभावलं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, शुद्ध हरपली, तर ती अर्ध्या तासाची गोष्ट राहत नाही. तिथे आतलं तापमान चाळिशी ओलांडत असतं. रुग्णवाहिका बोलवायचीच, पण ती येईपर्यंत नुसतं वाट बघत बसायचं नाही. मिळेल त्या पाण्याने अंग भिजवत, वारा घालत राहायचं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि ‘घाम येतोय ना, मग ऊन लागलेलं नाही’ असं म्हणणारा जो शहाणा गर्दीत असतो, त्याचं ऐकायचं नाही. उन्हात नाचून-पळून कोसळलेल्या माणसाला घामाने निथळतानाही उष्माघात झालेला असू शकतो.

ऊन आधी डोक्यावर हात मारतं ते असं. पायांत त्राण नसल्याचं तरी कळतं, पण अक्कल कमी झाल्याचं कळायला जी अक्कल लागते, तीच कमी झालेली असते. म्हणून उन्हातल्या सोहळ्यात आपल्यावर नजर ठेवणारं एखादं माणूस हवं, शक्यतो आपलं न ऐकणारं.

मोठमोठ्या उत्सवांनीही आता उन्हापुढे मान तुकवलेली आहे. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकात, ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा सामना मध्येच थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला लावलं. असं थांबायचं का हे ठरवायला तिथे गरमीचा जो आकडा मोजतात, तो साधा नसतो. त्यात ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा वाटा दहात सात, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचा दोन, आणि आपल्या फोनवरच्या नेहमीच्या तापमानाचा जेमतेम एक. पुढे 2022 चा कतारमधला विश्वचषक तर उन्हाळ्यातून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात नेला. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हाच्या धास्तीने आठेकशे किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला हलवली. तिथेही ऊन सोडेना, तेव्हा आदल्या रात्री ठरवून बायकांची शर्यत सातऐवजी सहालाच सुरू केली. एवढं सगळं हलवता येतं, तर आमच्या घरच्या कार्याचा बाराचा मुहूर्तवजा हट्ट तासाभराने का हलू नये, असं मी दर वर्षी विचारते. दर वर्षी उत्तर मिळतं, ‘पत्रिका छापून झाल्या.’

तरी सांगते, मला हे उन्हाळी मेळे आवडतात. सुट्ट्या असतात, माणसं भेटतात, दिवस मोठा असतो. आणि खरी मजा त्या दोन ते पाचमध्ये असते, जेव्हा कार्यक्रम उन्हाने आपोआप बंद पाडलेला असतो. माइक गप्प असतो. सगळे एका सावलीच्या तुकड्यात दाटीवाटीने बसलेले असतात. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन काका केवळ सावली एकच असल्यामुळे शेजारी बसतात आणि पाऊण तासाने बोलायलाही लागतात. कुणी घोरतं. सावली सरकली की अख्खी सभा न बोलता, बुडाखालच्या खुर्च्या धरून, वीतभर सरकते.

मागच्या खेपेला पाच वाजून गेले, उन्हं उतरली. ती सोनेरी, मऊ, अंगावर घ्यावीशी वाटणारी उन्हं. माइकवाल्याने ‘हॅलो, हॅलो’ सुरू केलं. आत्या उठली, दिवसभर राखलेली खुर्ची उचलली आणि पटांगणाच्या मधोमध, उन्हात नेऊन ठेवली. तिने सोडलेल्या जागेवर तिघांनी झडप घातली, पण तिचं लक्ष नव्हतं. डोळे मिटून, पाय लांब करून ती बसून होती. एक भाचा काही हवंय का विचारायला तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

‘बाजूला हो रे,’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘ऊन अडतंय.’